मधला मागे का पडतो? भिंगे आणि आरसे यांच्यामागचा एकच नियम

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, नागपूरपासून सुमारे साठ किलोमीटरवर ‘भंडारा रोड’ हे स्टेशन लागते. पाटीवर नाव भंडाऱ्याचे असले, तरी स्टेशन आहे वरठी या गावात. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले भंडारा शहर तिथून काही किलोमीटर दूर आहे. गेल्या हिवाळ्यात विज्ञान-शिक्षकांच्या एका छोट्या बैठकीसाठी मी वरठीला गेलो होतो. विषय होता गोलीय आरसे आणि भिंगे. स्टेशनवर उतरतानाच विषयाची सुरुवात झाली म्हणायची. समोर सिग्नलचे भिंग होते, मालगाडीच्या इंजिनावर मोठ्या दिव्यामागे अंतर्गोल आरसा होता, आणि बाहेर उभ्या असलेल्या रिक्षांना लहान बहिर्गोल आरसे लावलेले होते. वक्र पृष्ठभागांचे असे आयते प्रदर्शन असताना शिकवायला काय अवघड, असे मनात आले. तो समज दुपारपर्यंतच टिकला.

दहावीला शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले, “सर, बहिर्गोल भिंग प्रकाश एकवटते, पण बहिर्गोल आरसा तो पसरवतो. अंतर्गोल भिंग पसरवते, तर अंतर्गोल आरसा एकवटतो. शब्द तेच आणि काम उलटे. मुले दरवर्षी इथेच चुकतात. पाठ करून घेण्यापलीकडे काही सांगता येईल का?”

मी म्हणालो, “सोपे आहे. भिंगातून प्रकाश पार जातो, आरशावरून परत येतो. म्हणून काम उलटे.”

बाईंचे समाधान झाले नाही. त्या म्हणाल्या, “पाण्यातला हवेचा बुडबुडा बहिर्गोल असतो. त्यातूनही प्रकाश पारच जातो. मग तोही प्रकाश एकवटतो का?”

मी घाईत ‘हो’ म्हणून गेलो. दुसऱ्याच क्षणी चूक लक्षात आली. पाण्यातला बुडबुडा प्रकाश एकवटत नाही, पसरवतो. पार जाणे आणि परत येणे हे माझे उत्तर म्हणजे उत्तर नव्हतेच. पाठ करण्यासाठी दिलेले आणखी एक वाक्य होते. खरे उत्तर शोधायला आम्हाला वर्गाबाहेर, शाळेच्या मैदानावर जावे लागले. ते उत्तर इथे मांडतो. त्याचा फायदा असा, की भिंग असो वा आरसा, हवा असो वा पाणी, एकच नियम सगळीकडे चालतो.

(पाठ्यपुस्तकांत भिंगांसाठी बहिर्वक्र आणि अंतर्वक्र हे शब्दही येतात. अर्थ तोच. इथे सोयीसाठी दोन्हींकडे बहिर्गोल आणि अंतर्गोल असेच म्हटले आहे.)

प्रकाशाची रांग

प्रकाशाचा किरण आपण सरळ रेषेने दाखवतो. पण प्रकाश हा तरंग आहे. तळ्यात खडा टाकला की वर्तुळाकार लाटा उठतात आणि प्रत्येक लाट स्वतःच्या रेषेशी काटकोन करून पुढे सरकते. प्रकाशाच्या तरंगाची पुढची कडही तशीच सरकते. हिला तरंगाग्र म्हणतात. किरण म्हणजे तरंगाग्राशी काटकोनात काढलेली, पुढे जाण्याची दिशा. हा विचार डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी 1690 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला.

दूरच्या वस्तूकडून येणारे तरंगाग्र जवळजवळ सपाट असते. ते म्हणजे खांद्याला खांदा लावून एका सरळ रांगेत चालणारी मुले समजू. नियम दोनच. प्रत्येकाने रांगेशी काटकोन करून, म्हणजे नाकासमोर चालायचे, आणि जमीन जशी असेल तितक्याच वेगाने चालायचे. कोरड्या जमिनीवर पूर्ण पाऊल पडेल, चिखलात छोटे पाऊल पडेल. भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीच्या वेळी चिखलातून चाललेल्या मुलाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रकाशाचा ‘चिखल’ म्हणजे पाणी, काच यांसारखी माध्यमे. हवेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 3,00,000 किलोमीटर असतो. पाण्यात तो सुमारे 2,25,000 आणि साध्या काचेत सुमारे 2,00,000 किलोमीटर होतो. हवेतला वेग भागिले माध्यमातला वेग म्हणजे त्या माध्यमाचा अपवर्तनांक: पाण्याचा 1.33, काचेचा 1.5. प्रकाश पाण्यात खरोखरच मंदावतो का, यावर फार काळ वाद होता. न्यूटन यांच्या कणसिद्धांताप्रमाणे तो पाण्यात उलट अधिक वेगाने जायला हवा होता. फ्रान्समध्ये फुको यांनी 1850 साली फिरत्या आरशाच्या साहाय्याने प्रयोग करून दाखवले, की पाण्यात प्रकाश हवेपेक्षा मंद चालतो.

मैदानावरचे भिंग

आम्ही फक्कीने मैदानावर बहिर्गोल भिंगाचा आकार आखला: मध्ये सुमारे तीन मीटर जाड, टोकांना निमुळता, रुंदी आठ मीटर. नववीची नऊ मुले रांगेत उभी केली. एका टाळीला एक पाऊल. रेषेबाहेर पूर्ण पाऊल, आत दोन तृतीयांश पाऊल.

पहिला प्रयत्न फसला. मुले पी.टी.च्या सवयीने रांग सरळ ठेवू लागली. पुढे गेलेला शेजाऱ्यासाठी थांबू लागला. “शेजाऱ्याकडे बघायचे नाही, फक्त टाळी ऐकायची,” असे सांगितल्यावर दुसऱ्या वेळी जमले. कडेच्या मुलांच्या वाट्याला चिखल जवळजवळ आलाच नाही. मधल्या मुलाला संपूर्ण तीन मीटर छोट्या पावलांनी काटावे लागले. तो भिंगाबाहेर पडला तेव्हा कडेची मुले त्याच्या सुमारे दीड मीटर पुढे होती. रांगेचा आता वाडग्यासारखा बाक झाला होता: मधला मागे, कडेचे पुढे.

मग सांगितले, “आता रांग जशी वाकली आहे, तिच्याशी काटकोन करून प्रत्येकाने चाला.” कडेची मुले आपोआप आतल्या दिशेला वळली, आणि पाच-सहा मीटरवर सगळी मुले एका जागी येऊन एकमेकांवर आदळली. तीच या भिंगाची नाभी.

काचेच्या बहिर्गोल भिंगात हेच घडते. मध्ये काच जास्त, म्हणून तरंगाग्राचा मधला भाग मागे पडतो. तरंगाग्र वाकते आणि प्रकाश एकवटतो. अंतर्गोल भिंगात काच मध्ये कमी आणि कडेला जास्त असते. तिथे कडेचे मागे पडतात, मधला पुढे निघून जातो, रांग बाहेरच्या बाजूला फुगते आणि प्रत्येक जण दूर दूर जातो. प्रकाश पसरतो.

म्हणजे नियम असा: मधला मागे पडला, तर प्रकाश एकवटतो. मधला पुढे गेला, तर प्रकाश पसरतो.

आता बाईंचा बुडबुडा घ्या. पाण्यातला बुडबुडा म्हणजे चिखलाच्या शेतातले कोरड्या जमिनीचे बेट. मधल्या मुलाला सगळ्यात जास्त कोरडी जमीन मिळते, म्हणून तो पुढे निघून जातो. मधला पुढे, म्हणून प्रकाश पसरतो. आकार बहिर्गोल असला तरी काम अपसारी भिंगाचे. नुसता आकार पाहून उत्तर देता येत नाही. आत काय आहे आणि बाहेर काय आहे, हे दोन्ही पाहावे लागते. माझी चूक नेमकी हीच होती.

आरशाची पाळी

आरशात चिखल नाही. प्रकाश हवेतूनच जातो आणि हवेतूनच परत येतो. मग मधला मागे कसा पडणार? वेग कमी झाल्यामुळे नव्हे, तर अंतर जास्त पडल्यामुळे.

अंतर्गोल आरसा आपल्याकडे तोंड करून ठेवलेल्या खोलगट थाळीसारखा असतो. रांग त्याच्यावर चालून जाते, तेव्हा कडेच्या मुलांना आरशाची कड आधी लागते. ती आधी परत फिरतात. मधल्याला मात्र खोलात तळापर्यंत जाऊन परत यावे लागते. म्हणून परतीच्या वाटेवर मधला मागे आणि कडेचे पुढे असतात. प्रकाश एकवटतो. बहिर्गोल आरशाचा फुगवटा आपल्याकडे असतो. तिथे मधल्याला आरसा आधी लागतो, तो आधी परत फिरतो, कडेचे मागे राहतात आणि प्रकाश पसरतो.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले. बहिर्गोल भिंग आणि अंतर्गोल आरसा यांचे आकार वेगळे दिसतात, पण दोघांचे काम एकच: मधल्याला उशीर करणे. भिंग तो जाड काच घालून करते, आरसा तो खोली देऊन करतो. मुलांना चार वाक्ये पाठ करायला देण्याऐवजी एकच प्रश्न विचारायला शिकवता येईल: “इथे मागे कोण पडतो?”

घरात हे पाहायला चकचकीत डाव किंवा पळी पुरते. चिंचेने घासलेली पितळी असेल तर उत्तम. आतल्या बाजूत आपला चेहरा उलटा दिसतो, कारण चेहरा नाभीच्या पुष्कळ पलीकडे असतो. बाहेरच्या बाजूत तो सुलटा आणि छोटा दिसतो. ठोक्याच्या भांड्यात मात्र एक सलग प्रतिमा मिळत नाही, कारण प्रत्येक ठोका हा वेगळा छोटा आरसाच असतो. वाहनांचे बाजूचे आरसे बहिर्गोल असतात ते याचसाठी, की प्रतिमा लहान झाल्यामुळे छोट्या आरशात मागचा मोठा भाग मावतो. पण लहान दिसणारे वाहन आपल्याला दूर आहे असे वाटते, म्हणून ते दिसते त्यापेक्षा जवळ आहे याची आठवण ठेवावी लागते.

थोडे गणित

हा नियम नुसता समजुतीसाठी नाही, त्यातून आकडेही निघतात. वाकलेली रांग हा एका वर्तुळाचा कंस आहे आणि त्या वर्तुळाचे केंद्र म्हणजे नाभी. मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर क आणि मधल्याची पिछाडी प मानली, तर वर्तुळातील जीवांच्या छेदनाच्या प्रमेयावरून, पिछाडी लहान असताना,

नाभीय अंतर = क × क ÷ (2 × प)

एक उदाहरण घेऊ. भिंगाचा व्यास 10 सेंटीमीटर, म्हणजे क = 5 सें.मी. दोन्ही बाजू सारख्या फुगीर, मध्ये जाडी 1 सें.मी., कडेला जवळजवळ शून्य. काचेत 1 सें.मी. जायला जो वेळ लागतो, त्यात प्रकाश हवेत 1.5 सें.मी. जातो. म्हणून मधल्याची पिछाडी 0.5 सें.मी. नाभीय अंतर = 25 ÷ 1 = 25 सें.मी. याच भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागाची वक्रता त्रिज्या 25 सें.मी. भरते. पाठ्यपुस्तकातील भिंग घडवणाऱ्यांचे सूत्र वापरून पाहा, उत्तर तेच येईल.

आता याच वक्रतेचा, याच व्यासाचा अंतर्गोल आरसा घ्या. त्याची खोली 0.5 सें.मी. असेल. मधल्याला ही खोली दोनदा चालावी लागते, जाताना आणि येताना. म्हणून पिछाडी 1 सें.मी. आणि नाभीय अंतर 25 ÷ 2 = 12.5 सें.मी. आरशाचे नाभीय अंतर वक्रता त्रिज्येच्या निम्मे असते, हे आपण फळ्यावर लिहून देतो. ते ‘निम्मे’ कुठून येते? ते या जाण्यायेण्यातून येते.

मात्र हे सूत्र उथळ भिंगांना आणि उथळ आरशांनाच लागू पडते. फार खोलगट गोलीय आरशात कडेचे किरण नाभीच्या अलीकडेच, आरशाच्या जवळ एकवटतात. सर्वांना एकाच जागी, एकाच वेळी पोचवायचे असेल तर आरशाचा आकार गोल नव्हे, परवलयाकार असावा लागतो. झोत टाकणाऱ्या दिव्यांत असा परवलयाकार आरसा वापरतात.

पाण्याची कसोटी

कोणत्याही स्पष्टीकरणाची परीक्षा त्याने केलेल्या भाकितावरून होते. आपला नियम सांगतो, की भिंग पाण्यात बुडवले तर त्याची शक्ती कमी व्हायला हवी. बाहेरही चिखल आणि आतही चिखल असेल, तर मधल्याची पिछाडी थोडीच राहील. वरच्याच भिंगाचे गणित केले, तर पिछाडी 0.5 वरून सुमारे 0.13 सें.मी. होते आणि नाभीय अंतर 25 वरून जवळजवळ 1 मीटर होते, म्हणजे सुमारे चौपट. आरशाचे मात्र काहीच बदलायला नको. त्याची पिछाडी अंतरामुळे आहे आणि ते अंतर पाण्यातही तेवढेच.

वाचण्याचे भिंग पाण्याच्या बादलीत धरून तळाशी ठेवलेले नाणे पाहा. हवेत ठळकपणे मोठे दिसणारे नाणे भिंगातून आता जेमतेम मोठे दिसते. डाव बुडवून पाहा, चेहरा पूर्वीसारखाच उलटा दिसतो.

बुडबुड्याची परीक्षा परीक्षानळीने घेता येते. पाण्याने काठोकाठ भरलेली, बूच लावलेली नळी वर्तमानपत्राच्या किंचित वर आडवी धरली, की अक्षरे रुंद दिसतात. मग रिकामी नळी बूच लावून पाण्याने भरलेल्या पारदर्शक पसरट भांड्यात बुडवून धरा आणि भांड्याखाली वर्तमानपत्र ठेवा. आता नळीतून अक्षरे अरुंद दिसतील. तीच नळी, तोच आकार. फक्त आतबाहेरची अदलाबदल झाली. नळी दंडगोल असल्याने बदल एकाच दिशेने होतो, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

वैनगंगेत बुडी मारून डोळे उघडणाऱ्या मुलांना हा प्रयोग आधीच माहीत असतो. पाण्याखाली सगळे अंधूक दिसते. आपल्या डोळ्यात प्रकाश सर्वांत जास्त वळतो तो आतल्या भिंगात नव्हे, तर पुढच्या पारदर्शक पटलावर, हवा संपून डोळा सुरू होतो तिथे. पाण्यात बुडल्यावर तिथला वेगातला फरक जवळजवळ नाहीसा होतो. पोहण्याचा चष्मा लावला की डोळ्यापुढे पुन्हा हवा येते आणि स्पष्ट दिसू लागते.

प्रतिमा म्हणजे काय?

रांगेच्या चित्रातून आणखी एक गैरसमज दूर होतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर भिंगाने झाडाची प्रतिमा पाडा आणि मुलांना विचारा, “अर्धे भिंग पुठ्ठ्याने झाकले तर काय दिसेल?” बहुतेक मुले म्हणतात, “अर्धे झाड.” काही शिक्षकही तसेच म्हणतात. करून पाहिले की झाड पूर्ण दिसते, फक्त अंधूक.

झाडाच्या शेंड्यावरून निघालेली एक रांग संपूर्ण भिंगावर पसरलेली असते. बुंध्यापासून निघालेली दुसरी रांगही संपूर्ण भिंगावर पसरलेली असते. अर्धे भिंग झाकणे म्हणजे प्रत्येक रांगेतली अर्धी मुले बाहेर काढणे. उरलेली मुले आपापल्या ठरलेल्या जागीच पोचतात. गर्दी कमी होते, जागा बदलत नाही. एका बिंदूतून निघालेले सगळे जण वेगवेगळ्या वाटांनी पण एकाच वेळी जिथे पोचतात, तिथे त्या बिंदूची प्रतिमा असते. ती तिथे पडदा धरला नाही तरी असतेच.

(सूर्याकडे भिंगातून किंवा आरशातून कधीही पाहू नये आणि मुलांना पाहू देऊ नये. याच एकवटण्यामुळे डोळ्याला कायमची इजा होते.)

सिग्नलचे भिंग

संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट पाहत मी भंडारा रोडच्या फलाटावर बसलो होतो. दूरवर सिग्नलचा हिरवा ठिपका दिसत होता. सकाळी तो एक नमुना वाटला होता. आता त्याचे महत्त्व नीट कळत होते.

ताशी 100 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर जाते, आणि अशी जड गाडी थांबायला फार मोठे अंतर लागते. म्हणूनच स्टेशनच्या होम सिग्नलच्या सुमारे एक किलोमीटर आधी, पुढच्याची सूचना देणारा डिस्टंट सिग्नल उभारतात. चालकाला तो लांबून दिसलाच पाहिजे. पण कित्येक वर्षे सिग्नलच्या आत असायचा तो 12 व्होल्टचा एक छोटा दिवा. त्याहीआधी, हाताच्या सिग्नलच्या काळात, रॉकेलचा दिवा असे. त्याच्या ज्योतीत पिवळा रंग जास्त असल्याने हिरव्यासाठी निळसर काच वापरावी लागे. एवढासा दिवा सगळीकडे प्रकाश पसरत राहिला, तर एक किलोमीटरवर काय पोचणार?

इथे भिंग उलटे वापरतात. दिवा नाभीवर ठेवला, की त्याच्यापासून निघालेली फुगीर रांग भिंगातून जाताना सरळ होते आणि रुळांच्या दिशेने चालू लागते. मुलांचा खेळ शेवटापासून सुरुवातीकडे खेळावा तसे हे आहे.

पण मोठ्या व्यासाचे आणि कमी नाभीय अंतराचे भिंग फार जाड आणि जड होईल. यावर फ्रान्सच्या फ्रेनेल यांनी दीपगृहांसाठी काढलेला उपाय रेल्वेनेही घेतला. फ्रेनेल यांचे असे भिंग 1823 साली कोर्दुआँच्या दीपगृहावर बसले. भिंगाची कल्पना वलयांत विभागायची आणि प्रत्येक वलयाचा पृष्ठभागाचा उतार तेवढा ठेवून मागची फुकटची जाड काच काढून टाकायची. सिग्नलच्या भिंगावर दिसणाऱ्या गोल पायऱ्या त्या याच. यात रांगेचे तुकडे पडतात, पण प्रत्येक तुकड्याचे तोंड योग्य दिशेला राहते. म्हणून अशा भिंगाने छायाचित्रासारखी रेखीव प्रतिमा मिळत नाही, झोत मात्र चांगला मिळतो. सिग्नलला झोतच हवा असतो. आता अनेक ठिकाणी एका दिव्याऐवजी पुष्कळ एलईडी असतात, पण प्रकाश पुढे पाठवायला भिंगे लागतातच.

यात अचूकपणा किती लागतो? समजा, भिंगाचे नाभीय अंतर 10 सें.मी. आहे आणि दिवा नाभीपासून 5 मिलिमीटर बाजूला सरकला. झोत प्रत्येक मीटरमागे 5 सें.मी. बाजूला जाईल, म्हणजे एक किलोमीटरवर 50 मीटर! दिव्याची तार बिंदूएवढी नसल्याने झोत थोडा पसरतो, तरी रुळांवरचा उजेड कमी होणारच. दिवा जळत असतो, भिंग स्वच्छ असते, आणि तरीही चालकाला सिग्नल नीट दिसत नाही. म्हणून सिग्नलचा झोत नीट रुळांवर पडतो आहे की नाही, हे कर्मचाऱ्यांना तपासावे लागते. नाभी हा शब्द आपण परीक्षेच्या आकृतीत एका ठिपक्याने दाखवतो. गाडीतल्या शेकडो माणसांची सुरक्षितता त्या ठिपक्यावर अवलंबून असते.

वर्गासाठी तीन प्रश्न

मैदानावरचा खेळ नववी-दहावीच्या वर्गात एका तासिकेत होतो. फक्की आणि टाळी एवढेच साहित्य लागते. त्यानंतर हे प्रश्न विचारून पाहावेत.

1. एक बाजू फुगीर आणि दुसरी बाजू खोलगट असलेले चष्म्याचे भिंग प्रकाश एकवटेल की पसरवेल? ठरवण्यासाठी भिंगात काय पाहाल?

2. काचेच्या सपाट जाड तुकड्यातून जाताना रांगेतल्या सर्वांनाच सारखा उशीर होतो. मग प्रकाश एकवटेल का?

3. काचेइतकाच अपवर्तनांक असलेल्या द्रवात काचेचे भिंग बुडवले तर मधल्याची पिछाडी किती? ते भिंग डोळ्यांना दिसेल का?

उत्तरे पाठ करून देता येणार नाहीत, ‘मागे कोण पडतो’ हे शोधूनच द्यावी लागतील. वरठीच्या मैदानावरचा मधला मुलगा खेळ संपल्यावर जरा नाराज होता. “सर, मी जोरात चालत होतो, तरी मीच मागे राहिलो,” असे तो म्हणाला. त्याला सांगितले, की तू मागे राहिलास म्हणूनच सगळे एका जागी आले. हे त्याला पटले की नाही, कळले नाही. पण बहिर्गोल भिंग काय करते, हे तो आता विसरणार नाही.